दोन सुपं एका लेव्हलीत

वरची वाडी, खांबजवळ, ता. रोहा
१७ नोव्हेंबर २०२४

चि. सुरभीस मामाचे अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार.

तक्रार अशी की तू चार दिवस आलीस ती चारही दिवस डोंगरावर. मामीने केलेलं वालाचं बिरडं तू उभ्या उभ्या खाल्लंस. मामी म्हणते, भाची आली नाय, भाचीच्या चपला आल्या. पुढच्या वेळी मांडी घालून जेवायचं, नायतर तुझ्या साहेबांना पत्र टाकून तुझी तक्रार करीन.

आता बातम्या. गणपतीपासून जमीन गुरगुरत होती ती दिवाळीनंतर गप्प हाय. लोक म्हणतात गप्प हाय, मला विचारू नको. धाटावच्या कंपनीतल्या कंप्रेसरने माझे कान केव्हाच खाल्ले. मला धरणीचं गुरगुरणं काय आणि तुझ्या मामीचं काय, दोन्ही सारखंच. फोन कानाला लावला तर पंखा फिरल्यासारखं ऐकू येतं. आमच्या निलेशच्या मोबाईलवर लिहून पाठव म्हणावं, तर निलेश शिफ्टला गेला की मोबाईलपण शिफ्टला जातो. त्यापेक्षा हे बरं. पोस्टमन म्हणतो, या भागात हाताने पत्र लिहिणारी तुम्ही मामा-भाचीच उरलात.

आमचा मुक्काम अजून शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्येच. वर अकरा घरांना कुलपं, आणि खाली अकरा घरची माणसं एकमेकांच्या ताटात बघत बसलेली. शेजारची विमलबाई रोज वर चढून आपला ओटा सारवून येते, राहायचं नाय तरी. तहसीलच्या साहेब लोकांनी सांगितलंय, घरांमागे जी भेग पडली ती सरकते की नाय ते तुमच्या संस्थेच्या अहवालात येईल, तोवर कोणी वर झोपायचं नाय. म्हणजे अख्खी वाडी तुझ्या तोंडाकडे बघते गो बाय.

तुझी दोन्ही यंत्रं सुखरूप. तीन बाजूंचा पत्रा आणि तोंड आभाळाकडे, म्हणून वाडीत त्यांना सूप म्हणतात. पलीकडचं सूप काळ्या कातळावर, अलीकडचं माझ्या अंगणात, आणि मधून भेग. विमलबाईने अंगणातल्या सुपाला हळदकुंकू वाहिलं होतं, ते मी पुसलं. तू सांगून गेलीस की बसवलं तसंच राहिलं पाहिजे, ते ध्यानात हाय. मामाने उभी हयात पंप आणि मोटरी बसवण्यात घातली, तू निर्धास्त राहा. मात्र एक समजावून लिही, इतक्या वरून उडणाऱ्याला बोटभर जमीन हललेली कळते तरी कशी? निलेश म्हणतो कॅमेरा असतो. मला पटत नाय.

मामी आशीर्वाद सांगते. लोभ आहेच, बसून जेवशील तेव्हा वाढेल.

तुझा,
पोपटमामा

हैदराबाद
८ डिसेंबर २०२४

ती. मामास सुरभीचा वाकून नमस्कार. तक्रार मंजूर. मामीला सांग, पुढच्या खेपेस दोनदा वाढून घेईन.

तुला पटलं नाही ते बरोबरच आहे, तो कॅमेरा नाही. तो उपग्रह रडारचा आहे. वरून रेडिओची लाट सोडतो आणि तिचा पडसाद परत ऐकतो, त्यामुळे ढग असोत, अंधार असो, त्याला फरक पडत नाही. ती लाट म्हणजे त्याची मोजपट्टी. दर बारा दिवसांनी तो त्याच वाटेने येतो. मधल्या काळात जमीन दाण्याएवढी खाली गेली असेल, तर पडसाद तेवढाच उशिरा परत येतो, आणि आधीच्या पडसादाशी ताडून पाहिला की तो उशीर आम्हाला दिसतो. मोठा भूकंप झाला की जमिनीतला खडक कुठे किती घसरला, त्याचा नकाशाही आम्ही असाच काढतो.

आपल्याकडचं दुखणं तसंच, फक्त लहान. डोंगराखाली खडकाला जुनी चीर आहे. हादरे आले तेव्हा तिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घसरल्या, म्हणून वर भेग दिसली. आता हादरे थांबले, पण चीर कधीकधी आवाज न करता सरकत राहते, महिनोन्महिने. तिला मी घाबरते. आणि आपल्या झाडीत रडार आंधळं होतं, कारण पानं हलली की पडसादाचा काला होतो. म्हणून सुपं. सूप लाट सरळ परत फेकतं, आणि सगळ्या काल्यात एक लखलखीत ठिपका दिसतो. मला एका सुपाचा आकडा नको असतो, दोघांतला फरक हवा असतो. फरक वाढत गेला तर समजायचं की वाडीची बाजू सरकते आहे, आणि मग कोणालाही वर राहू देता येणार नाही.

तेव्हा एवढं सांभाळ. गुरांना त्यावर अंग घासू देऊ नकोस, आत पान-पाणी साचू देऊ नकोस, पोरांना बसू देऊ नकोस. निलेश आणि अपेक्षावहिनीला आठवण सांग. तिला उलट्या होत असल्याचं आईकडून कळलं, आणि मी ऑफिसात एकटीच हसत बसले. आत्या व्हायचं म्हणजे काही कमी नाही.

माया पाठवते आहे, पोचली की कळव.

तुझी,
सुरभी

हमरापूर, पेण
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास शांतीचा सा. न. वि. वि.

दादा, निलेश परवा येऊन गेला. म्हणाला, बाबा शेडमध्ये कमी आणि वर डोंगरावरच जास्त असतात. या वयात काय शोधतोस तिथे? उन्हं चढायला लागली, पत्र्याखाली अपेक्षाचे काय हाल होतील याचा विचार कर. पाचवा लागला की तिला माझ्याकडे आणून सोड. इथे दवाखाना जवळ, आणि मला बोलायला माणूस होईल. कारखान्यात सगळी मान खाली घालून गणपती रंगवतात, बोलायला कोणाला सवड नाय.

सुरभी फोनवर सारखी एकच सांगते, आई, सगळं नीट दिसतंय, फरक नाय. तिचा आवाज मोकळा झालाय. नोव्हेंबरात तिला झोप नव्हती. मला त्या रडारातलं काय कळत नाय, पण पोर हसली की मला बरं वाटतं.

आणि एक सांगते, रागावू नको. गेल्या खेपेस तू माझ्या मूर्तींच्या पाटांखाली पाचरी मारून गेलास. बरं केलंस, पाट डुगडुगायचे थांबले. पण रंगाऱ्यांना वाटलं मी त्यांच्या कामाला नावं ठेवली, दोन दिवस फुगून बसले होते. तुला वाकडं दिसलं की तुझे हात शिवशिवतात, लहानपणापासून बघते. आता म्हातारा झालास, जरा वाकडं राहू दे.

वहिनीला नमस्कार, निलेशला आशीर्वाद. तुझा लोभ मला कधी मागावा लागला नाय, तरी मागते.

शांती

हैदराबाद
१३ एप्रिल २०२५

ती. मामास सुरभीचा नमस्कार, आणि आज नमस्काराच्या आधी मिठी.

मामा, अहवाल गेला. पाच महिन्यांचे सगळे पडसाद ताडून पाहिले. अंगणातलं सूप आणि कातळावरचं सूप यांच्यात फरक नाही. नाही म्हणजे अक्षरशः नाही. माझे सर म्हणाले, इतका शांत ठिपका त्यांनी क्वचित पाहिला. चीर थांबली, वाडी जागच्या जागी आहे, लोकांना परत जाऊ द्यायला हरकत नाही, असं आम्ही लिहून दिलं. मी सही केली, आणि मग जिन्यात जाऊन रडले. कशाचं रडू, विचारशील तर आनंदाचं.

विमलबाईंना सांग, आता सारवलेल्या ओट्यावर बसून चहा प्यायचा.

एक अट मात्र घालते. पुन्हा हादरे आले, किंवा भेग रुंदावलेली दिसली, तर विचारत बसू नका, खाली उतरा. आणि सुपं आणखी वर्षभर राहू देत. तू त्यांना इतकं जपलंस म्हणून हे झालं, हे मी अहवालात लिहू शकत नाही, म्हणून इथे लिहिते.

तुझ्या लोभावर तर सगळं चाललंय.

तुझी,
सुरभी

वरची वाडी
१ जून २०२५

चि. सुरभीस मामाचे आणि मामीचे, आणि यावेळी अख्ख्या वाडीचे आशीर्वाद. वाटून घे, एकटीला पेलायचे नाय.

अक्षय्य तृतीयेला आम्ही वर आलो. विमलबाईने चूल पेटवली आणि धुराने डोळे भरून आले म्हणाली, पण माझ्या ओट्यावर धूर नव्हता, तरी माझेपण डोळे भरून आले. पाऊस मेमध्येच आला, राब भिजला, भाताचा तरवा तरारून वर आलाय. खालच्या शेड खोलून दुसऱ्या गावाला गेल्या. गेल्या त्या गेल्या, ब्याद टळली. अपेक्षाला आता सातवा. ती म्हणते, बाळंतपणाला हमरापूरला जाईन पण आतापासून नाय, आपल्या घरात दोन महिने तरी राहू दे. निलेशने नवीन पाळणा आणून माळ्यावर ठेवलाय.

आता तुझ्या सुपाची हकिकत सांगतो, म्हणजे तुला कळेल मामा काय चीज हाय. अंगणातल्या सुपाखाली आपण सिमेंटचा चौथरा घातला ना, ती जागा भरावाची. नवीन चौथरा थोडा खाली बसतोच, हे मला कोणी शिकवायला नको. कंपनीत नवीन पंप टाकला की वर्षभर त्याच्या पायाखाली पत्र्याचं पॅकिंग घालत राहावं लागतं, नायतर मोटर एकीकडे आणि पंप दुसरीकडे, मग बेअरिंग बोंबलतं. तू लिहिलंस, दोन सुपांतला फरक वाढला की धोका. मी म्हटलं, माझा चौथरा बसणार, त्याचा फरक पडणार, आणि माझ्या भाचीला वाटणार डोंगरच चालला. उगाच लोक शेडमध्ये सडायचे. असं कसं चालेल?

बसवलं त्याच दिवशी मी सवयीने गवंड्याच्या पाण्याच्या नळीने दोन्हीकडे लेव्हल काढून खूण करून ठेवली होती. म्हणून तुझं पत्र आल्यापासून दर रविवारी नळी घेऊन वर. विमलबाईने एक टोक कातळावर धरायचं, एक टोक मी अंगणात. नळीतलं पाणी खोटं बोलत नाय. आपलं सूप खुणेच्या खाली गेलं की बोल्ट ढिले करायचे, पायाखाली पत्रा सारायचा, पुन्हा खुणेला आणायचं. तोंड इकडचं तिकडे होऊ दिलं नाय. होळीपर्यंत पुठ्ठ्याएवढंच पॅकिंग लागलं. पुढे उन्हाने माती आवळली असणार, कारण एप्रिल-मेमध्ये अंगठ्याएवढं झालं. पण दोन्ही सुपं अजून एका लेव्हलीत हायत, केसाचा फरक नाय. तुझ्या सरांना सांग, ठिपका शांत होता कारण त्याला शांत ठेवणारा रिटायर फिटर होता.

हे तुला आधी सांगणार नव्हतो, म्हटलं काम झाल्यावर सांगू. आता शाबासकी पोस्टाने पाठव, आणि लोभ ज्यादा तिकीट लावून.

तुझा,
पोपटमामा

हैदराबाद
९ जून २०२५

ती. मामास,

निलेशला फोन केला आहे आणि या पत्राचा फोटोही त्याला पाठवते आहे. तो दाखवेल तेव्हा लगेच वाच. तुझं पत्र आज हातात पडलं.

मामा, चौथरा बसत नव्हता. वाडी बसत होती.

तू पत्रा घालून सूप जेवढं वर उचललंस, तेवढी तुमच्या पायाखालची जमीन खाली गेली आहे. रडारला तू उचललेलं सूप दिसलं, म्हणून मला फरक दिसला नाही. चीर थांबलेली नाही. होळीपर्यंत पुठ्ठा आणि मग दोन महिन्यांत अंगठा, म्हणजे ती वेग घेते आहे. उन्हाने माती आवळली असं नाही ते. आता पाऊस डोंगरात मुरतो आहे, त्यामुळे मला दम धरवत नाही.

घरं सोडा. आजच. अपेक्षाला आईकडे ने, मामीला ने, निलेशला रजा टाकायला लाव. बाकीच्यांनाही घेऊन निघ. शेड नसली तर शाळेत, देवळात, कुठेही, पण वर वाडीत नको. सुपाला आता अजिबात हात लावू नकोस. पत्रे तसेच राहू देत.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, ऐकीव माहितीवर अहवाल मागे घेता येत नाही, नवीन पडसाद येऊ देत, मग पाहू. मी तहसीलच्या कचेरीतही फोन केला. तिथून विचारलं की एप्रिलच्या अहवालावर सही कोणाची आहे. मी म्हटलं, माझी.

तुझ्यावर रागावले नाही. आत्ता रागवायला वेळ नाही. निघा.

सुरभी

वरची वाडी
२२ जून २०२५

चि. सुरभीस मामाचे आशीर्वाद, ते तुला लागतील तर.

तुझं पत्र निलेशने मोबाईलवर दाखवलं. मी ते दोनदा वाचलं, मग अंगणात जाऊन सुपाखालच्या पॅकिंगला हात लावून बघितला. मीच घातलेलं, एकेक पत्रा कापून, कडा घासून. तिथेच बसून राहिलो. मामी चहा घेऊन आली, तिच्याकडे बघवेना.

त्याच दिवशी मी घरोघर गेलो. सगळं सांगितलं, नळीचं, पॅकिंगचं, काही लपवलं नाय. म्हटलं, चूक माझी हाय, शिव्या मला घाला पण खाली चला. कोणी शिव्या घातल्या नाय गो. बस म्हणाले, पाणी दिलं. विमलबाई म्हणाली, नळीचं दुसरं टोक मीच धरलं होतं, पाणी सारखं होतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आता उतरलं असेल तर आणखी एक पत्रा घाला दादा. तिला कसं समजवायचं? बाकीचे म्हणतात, सरकारचा कागद हाय, भाचीची सही हाय, आणि पोपटदादाचे कान गेले ते गेले, आता डोकंपण चाललं. लावणी तोंडावर आलीय. खाली शेड नाय. शाळा सुरू झाली, तिथे कोण राहू देईल? साहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, लेखी काही आलं की बघू.

निलेशचं आणि माझं वाजलं. तो म्हणतो, आधी वर आणलंत, आता खाली न्या म्हणता, पोटुशी बाई काय गाठोडं हाय? पुढचं तो माझ्याकडे पाठ करून बोलला. मला तोंड दिसलं नाय की कळत नाय, हे त्याला ठाऊक हाय. भात लावून होईपर्यंत तो हलणार नाय. अपेक्षाने मात्र ऐकलं. तिच्या शेवटच्या तपासणीची तारीख गाठून तिला आणि मामीला मी हमरापूरला नेतो. मग परत येतो, निलेश एकटा राहायला नको.

भेग मी रोज बघतो. कालपर्यंत मूठ जात होती, आज कोपर जातं. सुपाला हात लावला नाय.

लोभ असू दे. माझ्यासाठी नाय, या घरांसाठी.

पोपटमामा

हमरापूर, पेण
३ ऑगस्ट २०२५

चि. सुरभीस मामाचे आशीर्वाद.

तू निलेशच्या तेराव्याला आलीस, माझ्या शेजारी दिवसभर बसलीस. पाटी आणि खडू तुझ्या आईने मध्ये ठेवला होता. मला विचारायचं होतं पण सगळ्यांसमोर विचारवलं नाय. म्हणून तू गेल्यावर हे पत्र.

त्या दिवशी मी इथे होतो. अपेक्षाला आणि मामीला सोडायला आलो, आणि शांती म्हणाली पाऊस मोठा हाय, उद्या जा. मी थांबलो. तेच एक माझ्या डोक्यातून जात नाय. सकाळी हादरा बसला तो इथेपण जाणवला म्हणतात, पाटावरचे गणपती हलले. मला वाटलं गाडी गेली. निलेश रात्रपाळी करून नुकताच येऊन झोपला होता. विमलबाई ओट्यावर होती. अकरातली सहा घरं जमिनीसकट खाली गेली, पाच राहिली. तू सगळं बघितलंस, मी कशाला लिहितो.

आता ऐक. मी साहेबांकडे गेलो होतो. म्हटलं, लिहून घ्या, यंत्र मी हलवत होतो, भाचीला खोटं दिसलं ते माझ्यामुळे. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. चौकशी झाली म्हणाले, कागदावर अतिवृष्टी आणि भूकंप असं हाय, तुमचा मुलगा गेला, तुम्ही घरी जा बाबा. दुसऱ्यांदा गेलो तर शिपाई बाहेर घेऊन आला, हात धरून, प्रेमाने.

आणि वाडीचे उरलेले लोक. ते इथे मला भेटायला येतात. माझ्या पाया पडतात गो सुरभी! म्हणतात, दादा, तूच एकटा सांगत होतास, आम्ही ऐकलं नाय. विमलबाईचा नितेश मुंबईहून आला, माझ्या गळ्यात पडून रडला, म्हणाला आईने तुमचं ऐकायला हवं होतं. मी त्याला सांगितलं तुझ्या आईला नळीचं टोक धरायला मीच लावलं, तिला खात्री मीच दिली. त्याने मान हलवली. दुःखाने म्हातारा असं बोलतो, असं त्याने शांतीला सांगितलं असणार. अपेक्षाला गुरुवारी मुलगी झाली. तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, बाबा, तुम्ही आम्हाला वाचवलंत. निलेशच्या मुलीला मी हात लावला नाय. मामीने उचलली.

म्हणून तुला विचारतो. तू शिकलेली हायस, तुला हिशोब कळतो. मी पॅकिंग घातलं नसतं तर तुला कळलं असतं का? कधी? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नको. तुला तुझ्या आईची शपथ हाय. कोणीतरी एकाने मला खरं सांगा.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाय.

पोपटमामा

हैदराबाद
११ ऑगस्ट २०२५

ती. मामास सुरभीचा नमस्कार.

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात लिहिलं होतं की काही सांगता येत नाही. दुसऱ्यात लिहिलं की पाऊसच एवढा होता. तिसऱ्यात फक्त बाळाबद्दल लिहिलं.

माझ्याबद्दल आधी सांगते. मी तुला गुरांबद्दल सांगितलं, पानांबद्दल, पोरांबद्दल. तुझ्याबद्दल सांगायचं मला सुचलं नाही. तुझे हात मी जन्मापासून पाहते आहे, तरी सुचलं नाही. आणि मामा, खरी जमीन इतकी शांत कधीच नसते. उन्हाने, पावसाने कुठलाही ठिपका थोडा खालीवर होतोच. तुझा होत नव्हता. तेव्हा मी फोन करून आईला विचारायला हवं होतं, की मामा तिथे काही करतो का. मी नाही विचारलं, कारण मला तो ठिपका तसाच हवा होता. तुम्ही सगळे घरी जायला हवे होतात. मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, आता कामाला लाग. मलाही चहा दिला.

तुझ्या जूनच्या पत्रातली पॅकिंगची जाडी आणि महिने घेऊन मी हिशोब केला. तो तू मागण्याआधीच केला होता, तेराव्याहून परत येताना गाडीत. मग घरी येऊन पुन्हा केला.

तू आईची शपथ घातलीस म्हणून लिहिते. होय. पॅकिंग नसतं तर मला फेब्रुवारीच्या शेवटी कळलं असतं. मी अहवालावर सही केली नसती, तुम्ही शेडमध्येच असता, आणि निलेश आज असता.

लोभ तेवढाच आहे, मामा. त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही.

सुरभी